न बोलणाऱ्याची हरकत

सुनील महिपत उतेकर काय काम करतो हे शिरसकोंडात कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्यात शिरसकोंडाचा काही दोष नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाला लागलं की चढ सुरू व्हायच्या जरा आधी डावीकडे एक रस्ता खाली उतरतो, त्याच्या टोकाला ही तेहेतीस घरांची वाडी. त्यातल्या एकवीस घरांतली कर्ती माणसं मुंबईला. अशा ठिकाणी चाळिशीला टेकलेला धडधाकट माणूस मुंबईहून येऊन राहतो, रोज सकाळी डबा घेऊन मोटरसायकलवर पोलादपूरच्या बाजारात जातो, खताच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसतो आणि संध्याकाळी दूध-पाव घेऊन परत येतो, तर लोक विचारणारच. तो करोनात आला तेव्हा लोकांनी त्याला पाहुणा धरला. करोना संपला, पाहुणा गेला नाही. जाणार आहे की राहणार आहे हे तो स्वतःही कुणाला बोलला नाही. विचारलं तर 'बघू' म्हणायचा. चार वर्षं तो 'बघू' म्हणत होता.

आता कामाविषयी. पर्गोला नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. एरवी कॉम्प्युटरचा प्रोग्राम करायचा म्हणजे हजारो ओळी हातानं लिहायच्या. पर्गोलात तसं नाही. ग्रंथालयाचा कारभार बसवायचा असेल तर पुस्तकाचा एक चौकोन काढायचा, वाचकाचा एक चौकोन काढायचा, मध्ये बाण ओढायचा. या चित्राला मॉडेल म्हणतात. चित्र पुरं झालं की त्यावरून ओळी पर्गोला आपल्या आपण लिहून काढतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि कुणीही दुरुस्त करावं. वापरणारे अमाप आहेत. दुरुस्त करायचा आणि मत द्यायचा अधिकार असलेले सव्वीस, ते चौदा देशांत पसरलेले. सुनील त्यांच्यातलाच एक, त्यांचा रिलीज प्लॅनर. नव्या आवृत्तीत काय घ्यायचं, काय पुढं ढकलायचं, जुनं काय काढून टाकायचं आणि कुठल्या तारखेला ती बाहेर काढायची, हे सव्वीस जणांकडून ठरवून घ्यायचं. ठरवायचं नाही, ठरवून घ्यायचं.

बाकी वाडीला न समजलेलं हे काम त्याच्या वडिलांना, महिपतबाबांना, चहाचा कप खाली ठेवायच्या आत समजलं.

"म्हंजे गावकी," ते म्हणाले.

महिपतबाबा गावकीचे अध्यक्ष. सतरा वर्षं आहेत, कारण दुसरं कुणी व्हायला मागत नाही. शिमग्याची पालखी कुठल्या घरापासून निघणार, पूजेची वर्गणी कुणाकडे जमणार, देवळाचा पत्रा या साली बदलायचा की मुंबईकरांच्या मतानं पुढच्या साली, हे सगळं बैठकीत ठरतं. त्या बैठकीचा एक नियम आहे. जो बोलला नाही त्याची हरकत आहे असं धरायचं. हो म्हणणारा हो म्हणतो, भांडणारा भांडतो, त्यांची काळजी नाही. जो भिंतीला टेकून गप्प बसतो आणि पान लावून निघून जातो, तो रुसलेला असतो. मग नारळ फुटायच्या आधी दोन वेगळ्या घरांतली दोन माणसं त्याच्याकडे जातात. रुसलेल्याच्या घरातल्या माणसानं मात्र विचारायचं नाही, कारण घरातल्यानं विचारलं की त्याचं घरगुती भांडण होतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. गेलेल्या दोघांनी बसायचं, चहा घ्यायचा, गुरांची, पिकाची, गुडघ्यांची चौकशी करायची. कामाचं अक्षर काढायचं नाही. उठून पायात वहाणा घालताना, जसं काही आत्ताच आठवलं असं, विचारायचं, "तर मग, काय म्हणतोस?" सोमा शेलारानं एकदा पालखीपायी नऊ महिने अबोला धरला होता. त्याच्या ओटीवर महिपतबाबांनी अकरा वेळा वहाणा घातल्या.

पर्गोलाचा नियम नेमका उलटा. ठराव मांडायचा, बहात्तर तास थांबायचं. एकानं जरी हरकत घेतली तरी ठराव अडतो, चर्चा होते. कुणीच काही बोललं नाही तर सगळ्यांची संमती आहे असं धरायचं. सुनीलनं हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला वाटलं, छापताना चूक झालीय.

काम त्याला एक वर्षाच्या बोलीनं मिळालं होतं. पर्गोलाला पाठबळ देणाऱ्या एका कंपनीकडून त्याचं मानधन यायचं, आणि वर्षाच्या शेवटी एकच गोष्ट बघितली जाणार होती: पाच नंबरची मोठी आवृत्ती ठरल्या तारखेला, दहा फेब्रुवारीला, निघाली की नाही. निघाली तर काम कायम. नाहीतर मुंबईतल्या जुन्या ऑफिसातून वर्षातून दोनदा फोन यायचाच, तो उचलावा लागला असता. पोलादपूरच्या खोलीत बसून करता येईल असं दुसरं काम त्याच्या ओळखीत नव्हतं, आणि शिरसकोंड सोडायचं नाही हे त्याचं मनातल्या मनात केव्हाच ठरलेलं होतं.

डिसेंबरात त्यानं पाचव्या आवृत्तीचा आराखडा सव्वीस जणांपुढं ठेवला. त्यात मोठी गोष्ट एकच होती, चित्रं काढायची जुनी खिडकी काढून टाकायची आणि नवी बसवायची. जुन्या चित्रांचं नव्यात रूपांतर करणारा एक छोटा प्रोग्राम बरोबर द्यायचा. बहात्तर तासांत सात जण 'हो' म्हणाले. एकोणीस जण काहीच बोलले नाहीत. नियमानं ठराव मंजूर झाला.

सुनीलची झोप उडाली. एकोणीस घरं रुसलीत आणि आपण नारळ फोडायला निघालोय, असं त्याला होऊन गेलं. शेवटी एका सकाळी त्यानं एकोणीस जणांना एकोणीस वेगळी पत्रं लिहिली. मजकूर साधा होता: आपण काही बोलला नाहीत. आमच्याकडून काही चुकलं का?

या सव्वीस जणांच्या समितीची प्रमुख इंग्रिड नावाची बाई होती, नेदरलँडमधली, अतिशय सरळ. तिनं विचारलं, "कुणी तक्रार केलीय का?"

"कुणीच नाही," सुनील म्हणाला.

"मग अडचण काय आहे?"

"तीच तर आहे."

इंग्रिडनं हे उत्तर लिहून घेतलं.

पत्रांना उत्तरं आली. अकरा जण म्हणाले, काही चुकलं नाही, आम्ही नुसते कामात होतो. एकानं सॉफ्टवेअर सोडून मधमाश्या पाळल्या होत्या, आपली कुणाला आठवण आहे हे वाचून तो इतका हरखला की त्यानं मधमाश्यांचे सहा फोटो पाठवले. दोघांना वाटलं सुनीलचा पासवर्ड चोरीला गेलाय, त्यांनी परस्पर इंग्रिडला कळवलं. एकानं नऊ वर्षांपूर्वीच्या भांडणाविषयी दोन पानं लिहिली आणि शेवटी 'बरं वाटलं' असं म्हटलं. तिघांचे पत्ते बंद झाले होते. राहिला एक. हेनिंग.

हेनिंग म्हणजे पर्गोला पहिल्यांदा लिहिणारा माणूस. आता बहात्तर वर्षांचा, जर्मनीत कुठल्याशा खेड्यात राहणारा. काढून टाकायची ती जुनी खिडकी त्याच्या हातची. दोन वर्षांत तो कशावरच काही बोलला नव्हता. सुनीलच्या तिसऱ्या पत्राला त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: मला काही म्हणायचं नाही.

सुनीलनं घरी जेवताना ही गोष्ट काढली. महिपतबाबांनी भाकरीचा तुकडा हातात धरून सगळं ऐकलं.

"काय म्हणायचं नाय असं लिवलंय?"

"हो."

"मंग लय म्हणायचं हाय त्याला. जायला पायजे."

"बाबा, तो जर्मनीत आहे."

"मुंबईवाल्यांकडं पन जातोच ना आपन," महिपतबाबा म्हणाले. "दुसरा मानूस कोन हाय तुज्यासंगं?"

दुसरा माणूस नव्हता. महिपतबाबाच यायला तयार झाले. दोघं एकाच घरातले, म्हणजे नियमाला धरून नव्हतं. पण महिपतबाबांनी बसल्या जागी निवाडा केला की ज्याच्याकडं जायचं त्याचं घर वेगळं आहे ना, मग परदेशात एवढं चालतं.

जानेवारीच्या एका बुधवारी दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडच्या बाराला, खताच्या दुकानावरच्या खोलीत बापलेक कॉम्प्युटरपुढं बसले. महिपतबाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा एक लांबोडका चेहरा आला आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"हे माझे वडील," सुनील इंग्रजीत म्हणाला. "ते आमच्या गावचं रिलीज प्लॅनिंग बघतात."

हेनिंगनं मान डोलावली. महिपतबाबांनी नमस्कार केला आणि विचारलं, गुडघे कसे आहेत. सुनीलनं जड जिभेनं भाषांतर केलं. हेनिंगनं सांगितलं की डावा बरा आहे, उजव्यानं जिना चढवत नाही.

पुढची वीस मिनिटं गुडघ्यांवर गेली. महिपतबाबांचे दोन्ही गेलेले, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला वजन होतं. त्यांनी हेनिंगला महाडजवळच्या सव गावाला यायचं आमंत्रण दिलं. "गरम पान्याचं कुंड हाय तितं. पाय सोडून बसायचं. मी दरसाल जातो. औषध नाय, पानी नाय, नुसतं बसायचं." सुनीलनं 'औषध नाही' एवढंच भाषांतर केलं, पाण्याचं घोटाळ्याचं होतं. हेनिंगनं पाण्याचं तापमान विचारलं. महिपतबाबा म्हणाले, भात शिजत नाय, पन अंडं ठेवलं तर सांगता येत नाय. मग घराच्या छपराची चौकशी झाली, लाकडं किती भरलीत याची झाली, घरात आणखी कोण आहे याची झाली. कुणी नव्हतं. बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती. महिपतबाबा "अरे अरे" म्हणाले, त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मग ते उठले. उठल्यावर पडद्यावर त्यांच्या सदऱ्याची मधली तीन बटणं तेवढी राहिली. खाली वाकून पायात वहाणा घालत ते म्हणाले, "तर मंग, काय म्हनताव?"

सुनीलनं भाषांतर केलं.

"टिपा जातील," तो म्हणाला.

जुन्या खिडकीत बाणाशेजारी हातानं टीप लिहायची सोय होती. हा बाण असा का आहे, हे माणसं तिथं लिहून ठेवायची. कॉम्प्युटरला त्याची गरज नव्हती, म्हणून नव्यात त्या टिपांना जागाच ठेवलेली नव्हती, आणि रूपांतर करणारा प्रोग्राम त्या गुपचूप गाळून टाकत होता. चूक झाली असंही सांगत नव्हता. हेनिंगला हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" सुनीलनं विचारलं.

"ठराव झाला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तुमचं पत्र आलं तोवर नियमाप्रमाणे माझी संमती होती."

सुनीलनं दुसऱ्या दिवशी लोकांनी तपासायला दिलेली जुनी मॉडेलं काढून रूपांतर करून पाहिलं. एका ग्रंथालयाच्या चित्रात चार हजारांवर टिपा होत्या, रूपांतरानंतर एकही नाही. त्यांतली एक त्यानं घरी वाचून दाखवली: हा बाण काढू नका. मागं एकदा काढला होता. महिपतबाबा म्हणाले, शहाणा मानूस दिसतोय.

तारीख पुढं ढकलावी लागणार होती. सुनीलला त्याचा अर्थ कळत होता. टिपांचं न बोलता आवृत्ती दहा फेब्रुवारीला काढली असती तर त्याचं काम कायम झालं असतं आणि जगभरच्या लोकांना आपलं काय गेलं हे वर्षादोनवर्षांनी कळलं असतं. त्यानं एक दिवस विचार केला, असं तो म्हणतो. खरं म्हणजे त्यानं सकाळचा चहा होईपर्यंत विचार केला. मग सव्वीस जणांना कळवलं की सहा आठवडे लागतील. सहा आठवड्यांनी नेमका शिमगा येत होता, म्हणून सात. पालखीच्या दिवसांत काही बाहेर काढायचं नाही हे त्यानं काम घेतानाच सांगितलं होतं, आणि समितीच्या कागदावर त्याची 'प्रादेशिक कारण' अशी नोंद होती.

हेनिंगनं टिपांची जागा स्वतः बांधून दिली. त्या दिवसांत त्यानं एकदा विचारलं की वडील वहाणा घालताना का विचारत होते, तेव्हा सुनीलनं त्याला गावकीचा सगळा नियम समजावून सांगितला. पाचवी आवृत्ती मार्चअखेर टिपांसकट निघाली, आणि पहिल्या आठवड्यात कुणाचीच तक्रार आली नाही. इंग्रिडनं सगळ्यांचे आभार मानले, सुनीलचे दोनदा. त्याच्या पुढच्या सोमवारी तिनं एक ठराव मांडला. पाठबळ देणाऱ्या कंपनीला ठराविक तारखा हव्या होत्या. तेव्हा यापुढं दर तीन महिन्यांनी, अमुक तारखेला, जे तयार असेल ते आपोआप बाहेर पडेल, आणि हे काम एक प्रोग्राम करील. प्लॅनरच्या पदाची गरज उरणार नाही. कुणाची हरकत असल्यास बहात्तर तासांत कळवावी.

सुनीलनं तो ठराव नऊ वेळा वाचला. उत्तराची चौकट उघडली, बंद केली. मुदत गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला संपत होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. आपल्याच पदासाठी आपणच भांडायचं हे त्याला लाजिरवाणं वाटत होतं, आणि पंचवीस जणांत एकालाही काही वाटत नाही याचा राग येत होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यानं एव्हाना दोन माणसं जमवली असती. स्वतःच्या बाबतीत तो त्याच्या वाडीत जन्मलेला कुठलाही माणूस करील तेच करत होता. भिंतीला टेकून गप्प बसला होता.

घरी त्याच्या आईच्या, तुळसाबाईच्या, नजरेतून काही सुटलं नाही. "जेवत नाय रे नीट," ती म्हणाली.

"भूक नाय."

महिपतबाबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. घरातल्यानं विचारायचं नसतं.

गुरुवारी ते बँकेच्या कामाला म्हणून त्याच्याबरोबर पोलादपूरला आले. बँकेचं काम दहा मिनिटांत आटोपलं. मग ते खोलीत खुर्ची ओढून बसून राहिले, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. पावणेचारला कॉम्प्युटर वाजला. हेनिंग होता. त्याच्या शेजारी ऐंशीच्या घरातली एक बाई कप हातात धरून ताठ बसली होती.

"या माझ्या शेजारीण," हेनिंग म्हणाला. "पलीकडच्या घरातल्या. त्यांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही."

बाईंनी मान डोलावली. हेनिंगनं महिपतबाबांचे गुडघे कसे आहेत विचारलं. पालखी कशी झाली विचारलं. तिकडं अजून थंडी आहे म्हणाला, आणि शेजारणीनं त्याला दुजोरा दिला. हे काय चाललंय ते सुनीलला तेवढ्यात समजलं आणि त्याला एकदम भरून आलं. एवढ्या लांबून, भाषा येत नसताना, ही दोन वेगळ्या घरांतली दोन माणसं त्याच्या ओटीवर आली होती. तो हवापाण्याची उत्तरं देत राहिला.

मग हेनिंग उठला. पडद्यावर त्याचा स्वेटर तेवढा राहिला.

"तर मग," वरून आवाज आला, "तुम्ही काय म्हणता?"

सुनील चाळीस वर्षांच्या आयुष्यात असा कधी बोलला नव्हता. "माझी हरकत आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मला हे काम हवंय. मला गाव सोडायचं नाहीये."

"हे तिथं लिहा," हेनिंग म्हणाला. "लगेच. मी खाली माझं नाव घालतो."

सुनीलनं चार वाजून बारा मिनिटांनी तीन ओळी लिहिल्या. एका हरकतीनं ठराव अडतो, तसा तो अडला. पाच वाजेपर्यंत खाली आणखी नऊ नावं आली, त्यात मधमाश्यावालाही होता. सहाव्या नावाला इंग्रिड होती. ठराव तिचाच होता, पण तिनं लिहिलं की सुनीलची हरकत आहे हे तिला माहीत नव्हतं, तो काहीच बोलला नव्हता.

महिपतबाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. "काय बोललास रे त्याला? त्यो उबा ऱ्हायला तवा."

"काम सोडणार नाही म्हटलं." सुनील पडद्याकडं बघत होता. "आणि इथंच राहणार म्हटलं. कायमचा."

म्हाताऱ्यानं घडीवरून हात फिरवला.

"चार वर्सं झाली," ते म्हणाले. "तू कायच बोलत नव्हतास. आनि घरातल्यानं कसं इचारायचं? मी आपला तुजी हरकत हाय असंच धरून चाललो व्हतो."